प्रगत लिनक्स अ‍ॅडमिनसाठी कौशल्यं कोणती ठरवावीत?

कोथरूडकर: हिंजवडीतल्या आमच्या टीमसाठी अंतर्गत प्रमाणपत्र परीक्षा आखतोय. एलपीआयसी-२ (लिनक्स अ‍ॅडमिनसाठीचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र) चा अभ्यासक्रम आधाराला घ्यावा का?

रूट_पेठ: जरूर घ्या. त्याच्या दोन परीक्षा आहेत: २०१ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा), बूट, स्टोरेज, नेटवर्क; २०२ मध्ये डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), वेब, मेल, सुरक्षा. पण सगळ्यांना सारखं वजन देऊ नका, स्टोरेजला जास्त द्या. लोक तिथेच अडकतात. 'एलव्हीएक्सटेंड' या कमांडने व्हॉल्यूम (डिस्कवरचा जागेचा भाग) वाढतो, त्यावरची फाइलसिस्टिम (फाइली ठेवायची रचना) नाही. जागा दाखवणारी 'डीएफ' कमांड जुनाच आकडा दाखवत राहते. 'एलव्हीएक्सटेंड'सोबत '-आर' लावलं की दोन्ही वाढतात. आणि ईएक्सटी४ प्रकारची फाइलसिस्टिम लहान करता येते, एक्सएफएस प्रकारची तशी करता येत नाही, हे पक्कं माहीत हवं.

औंध_अ‍ॅडमिन: डीएनएसही सोडू नका. झोन फाइल (डोमेनच्या नोंदींची फाइल) बदलली पण तिच्यातला सीरियल नंबर वाढवला नाही, तर मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर नवी नोंद ओढतच नाही. मग डीएनएसला विचारणारी 'डिग' कमांड एका सर्व्हरवर नवं उत्तर देते, दुसऱ्यावर जुनं. असा बिघाड मुद्दाम करून ठेवा आणि उमेदवाराला शोधायला लावा. पर्याय निवडायच्या प्रश्नांतून हे कळणारच नाही.

कोथरूडकर: एफस्टॅब (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची फाइल) कुठे बसवू?

रूट_पेठ: स्टोरेजमध्येच. त्यात यूयूआयडी (डिस्कच्या भागाचा ओळख क्रमांक) चुकला की मशीन बूट होताना बहुधा इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) अडकतं. रीबूटआधी उमेदवार ही फाइल तपासणारी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' कमांड चालवतो का, त्याला गुण ठेवा.