‘विषाणू १२ तास जगतो’: जगणे, टिकणे की सापडणे?

मुद्रितशोधक
करोनाकाळातल्या दाव्यांच्या पडताळणीचं एक मराठी संकलन सध्या तपासते आहे. त्यात २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या वेळचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहे: ‘विषाणू एका जागी १२ तास जगतो, कर्फ्यू १४ तासांचा आहे, त्यामुळे साखळी तुटेल.’ खाली निकाल दिलाय: ‘खोटं. विषाणू प्लास्टिकवर ७२ तास जिवंत राहतो.’ दोन पानांनंतर ‘जहाजाच्या खोल्यांत विषाणू १७ दिवस जिवंत होता’ हा दावा आणि त्यावर शेरा, ‘दिशाभूल करणारा’. १२, ७२ आणि १७ दिवस, सगळीकडे क्रियापद ‘जगणे’ किंवा ‘जिवंत राहणे’. वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? कुठे कोणता शब्द बसेल?

पेट्रीबशी
इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेत त्या वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात, म्हणून शब्दही वेगळे हवेत.

पहिली गोष्ट ‘सापडणे’. पृष्ठभागावर बोळा फिरवायचा आणि त्या नमुन्यात आरटी-पीसीआरने विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधायचा. चाचणी आरएनएचा तुकडा शोधते. तो तुकडा फुटून निकामी झालेल्या विषाणूचाही असू शकतो. १७ दिवसांचा आकडा इथला आहे. जपानमध्ये योकोहामाला थांबवून ठेवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावरच्या बाधित प्रवाशांच्या खोल्यांत, खोल्या रिकाम्या झाल्यावर पण जंतुनाशक फवारण्याआधी, १७ दिवसांपर्यंत आरएनए सापडला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने मार्च २०२० मध्ये ही नोंद छापली तेव्हाच बजावलं होतं की यावरून पृष्ठभागातून लागण झाली की नाही हे ठरवता येत नाही. बातम्यांत ‘सापडला’चं ‘जिवंत होता’ झालं.

दुसरी गोष्ट ‘टिकणे’, म्हणजे लागण करण्याची क्षमता शाबूत राहणे. त्यासाठी नमुना वाढवलेल्या पेशींवर टाकतात आणि पेशींना लागण होते का ते पाहतात. ७२ तासांचा आकडा या पद्धतीचा आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १७ मार्च २०२० ला, म्हणजे जनता कर्फ्यूच्या पाचच दिवस आधी, तो प्रयोग आला. प्लास्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर विषाणू ७२ तासांपर्यंत मिळाला, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर आणि तांब्यावर ४ तासांनंतर मिळाला नाही.

तिसरी गोष्ट ‘लागण होणे’. त्या पृष्ठभागाला हात लावून माणूस आजारी पडला का? पहिल्या दोन आकड्यांपैकी एकही हे सांगत नाही. त्यासाठी रुग्ण कोणाच्या संपर्कात आले ते शोधावं लागतं आणि धोक्याचं गणित मांडावं लागतं. सीडीसीने एप्रिल २०२१ मध्ये काढलेला निष्कर्ष असा: दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारणपणे १० हजारांत एकापेक्षा कमी.

खडूफळा
फरक पटला. पण ‘लागण करण्याची क्षमता शाबूत’ इतकं लांब कोण लिहील? ‘संसर्गक्षम’ बरोबर आहे, पण तो परिपत्रकातला शब्द. माझ्या मते ‘टिकतो’ लिहावं, आणि पहिल्याच वापरात एका वाक्यात सांगून टाकावं: टिकतो म्हणजे अजून लागण करू शकतो. ‘जगतो’ मात्र टाळावा. त्याने विषाणू एका ठरावीक तासाला पटकन मरतो असं चित्र उभं राहतं, आणि १२ विरुद्ध १४ ची वजाबाकी त्या चित्रावरच उभी आहे.

पेट्रीबशी
खरी मेख तीच आहे. विषाणू घड्याळ पाहून मरत नाही, त्याचं प्रमाण घटत जातं. म्हणून या प्रयोगात ‘अर्धायुष्य’ काढलं: अर्धा उरायला लागणारा वेळ. स्टीलवर सुमारे ५.६ तास, प्लास्टिकवर ६.८ तास. यावरून १४ तासांचा हिशेब करा. स्टीलवर १४ तास म्हणजे अडीच अर्धायुष्यं, म्हणजे सुरुवातीच्या सुमारे १८ टक्के शिल्लक. प्लास्टिकवर सुमारे २४ टक्के. म्हणजे ‘१४ तासांत संपतो’ चूक. पण ‘७२ तास जिवंत’ हेही भीती वाढवणारं, कारण ७२ तासांनी प्लास्टिकवर मूळ प्रमाणाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढंच उरलं होतं. निकालात नुसता ७२ चा आकडा टाकला, तर एक अफवा खोडताना दुसरीला खतपाणी मिळतं. पार्सलं तीन दिवस दाराबाहेर ठेवायचे सल्ले अशाच आकड्यांतून फोफावले.

मुद्रितशोधक
‘हवेत ३ तास जगतो’ असंही एका ठिकाणी आहे. तेही याच प्रयोगातलं का?

पेट्रीबशी
हो, आणि तिथे चूक उलट दिशेची आहे. हवेतल्या सूक्ष्म तुषारांचा प्रयोगच ३ तास चालवला होता, आणि शेवटपर्यंत विषाणू मिळत राहिला. अर्धायुष्य सुमारे १.१ तास. म्हणजे ३ तास ही प्रयोगाची मुदत होती, विषाणूची नव्हे. ‘३ तासांपर्यंत’ लिहिलं की वाचक ती कमाल मर्यादा समजतो. ‘३ तासांच्या संपूर्ण प्रयोगात टिकून होता’ असं लिहा. कोणत्याही आकड्यापुढे ‘पर्यंत’ लावण्याआधी मूळ लेखात पाहायचं: मोजणं कशामुळे थांबलं? विषाणू मिळेनासा झाला म्हणून, की प्रयोग संपला म्हणून?

निळी शाई
‘साखळी’वर कोणी बोललं नाही, आणि संदेशातली मोठी चूक माझ्या मते तिथे आहे. साथरोगशास्त्रात संसर्गाची साखळी माणसामाणसांची असते: बाधित माणूस, त्याचा श्वास आणि तुषार, पुढचा माणूस. संदेशाने ती जागांची साखळी केली: बाकडं, दारं, गाडीच्या कड्या, सगळं १४ तासांत शुद्ध. पण बाधित माणूस कर्फ्यूतही बाधितच असतो आणि घरच्यांना लागण देऊ शकतो. लक्षणं दिसायला सर्वसाधारणपणे २ ते १४ दिवस लागायचे, म्हणून अलगीकरण १४ दिवसांचं होतं. तास आणि दिवस यांची गल्लत झाली. महाराष्ट्राने एप्रिल २०२१ च्या निर्बंधांना ‘ब्रेक द चेन’ नाव दिलं तेव्हा ‘चेन’चा अर्थ माणसांमधला संपर्क हाच होता.

दुसरं म्हणजे, दावा आणि उपाय वेगळे ठेवा. पंतप्रधानांच्या १९ मार्चच्या भाषणात जनता कर्फ्यू हा संयमाचा आणि पुढच्या तयारीचा भाग म्हणून मांडला होता. १२ तासांचं गणित तिथे नाही, ते मागाहून संदेशांनी चिकटवलं. म्हणून निकाल ‘कर्फ्यू निरुपयोगी’ असा वाचला जाता कामा नये. खोटं काय ठरलं? कर्फ्यूला जोडलेलं कारण.

खडूफळा
अलगीकरणाचा उल्लेख आलाच आहे तर: लागण झाल्याचा संशय आहे पण माणूस आजारी नाही, त्याला वेगळं ठेवणं ते अलगीकरण, म्हणजे क्वारंटाइन. आजाराचं निदान झालेल्याला वेगळं ठेवणं ते विलगीकरण, म्हणजे आयसोलेशन. वर्तमानपत्रांनी दोन्ही शब्द सरमिसळ वापरलेत, त्यामुळे अवतरणात मूळ शब्द ठेवा आणि तुमच्या वाक्यात हा फरक पाळा.

मुद्रितशोधक
पाळते. माणसांवर जंतुनाशक फवारणाऱ्या बोगद्यासाठी ‘निर्जंतुकीकरण बोगदा’ हा शब्दही आहे. तसाच ठेवू?

पेट्रीबशी
अवतरणचिन्हांत ठेवा. निर्जंतुकीकरण म्हणजे सगळे सूक्ष्मजीव नष्ट करणं, शस्त्रक्रियेची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, घालून करतात तसं. पृष्ठभागावर करतात ते जंतुनाशन: १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग, रोज ताजं बनवलेलं. त्यात अ‍ॅसिडचं फ्लोअर क्लीनर मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. माणसावर फवारण्याची ही वस्तूच नाही. डोळे, त्वचा, श्वासनलिका जळजळतात आणि शरीराच्या आतल्या विषाणूला काहीच होत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० ला माणसांवर फवारणी करू नका असं लेखी कळवलं होतं. निकालात ती तारीख द्या.

मुद्रितशोधक
पहिल्या दाव्याचा निकाल आता असा करते: ‘खोटं. विषाणू ठरावीक तासांनी मरत नाही, त्याचं प्रमाण घटत जातं. स्टील आणि प्लास्टिकवर १४ तासांनंतरही अंदाजे पाचवा ते चौथा हिस्सा लागण करण्याजोगा उरतो. शिवाय साथ मुख्यतः माणसाकडून माणसाकडे पसरते, त्यामुळे रस्ते १४ तास रिकामे ठेवल्याने संसर्गाची साखळी तुटत नाही.’

पेट्रीबशी
‘उरतो’च्या जागी ‘प्रयोगशाळेत उरला’ करा. तिथे तापमान २१ ते २३ अंश सेल्सिअस होतं, आर्द्रता ४० टक्के, आणि ऊन नव्हतं. मार्चच्या उन्हात तापलेल्या बसथांब्याच्या दांड्यावर घट याहून वेगाने होते. आणि ‘साखळी तुटत नाही’च्या आधी ‘तेवढ्याने’ घाला.