पर्वरीत चढावरच्या घराला नळाचं पाणी उशिरा, थेट पंप लावू का?

पठारावरचा:
पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातलं, एक दिवस आड. सुटल्याबरोबर खालच्या वाड्यावर जोरात येतं. आमच्याकडे तासभर नुसती फुसफुस, मीटर मात्र फिरतो. मग तांबूस पाणी. मीटरनंतर पंप जोडला तर? घरात माणसं पाच.

व्हॉल्व्हवाला:
दाबाचा हिशोब आधी बघा. पुरवठ्याच्या टाकीतली पातळी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब. खालचं घर टाकीच्या 25 मीटर खाली आणि तुमचं 8 मीटर खाली धरलं, तर पाणी स्थिर असताना त्यांना अडीच बार, तुम्हाला पाऊण. हे झालं स्थिर पाण्याचं. वाहायला लागलं की पाइपच्या घर्षणात दाब खर्च होतो, आणि प्रवाह दुप्पट झाला तर हा खर्च जवळजवळ चौपट. सुरुवातीला खालचे सगळे संप, म्हणजे जमिनीखालच्या टाक्या, एकदम भरत असतात. टाकी भरली की पाणी थांबवणारे त्यांचे फ्लोट व्हॉल्व्ह बंद होत नाहीत तोवर वर काही उरत नाही.

फुसफुस म्हणजे रिकाम्या लाइनमधली हवा. ती सोडायला उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह असतो. तो अडकला की हवा तुमच्या मीटरमधून निघते, रीडिंगही वाढतं. तक्रारीत नुसतं 'पाणी कमी' लिहू नका, 'एअर व्हॉल्व्ह तपासा' लिहा.

शेवंती:
पंप अजिबात नको. लाइनमध्ये उणा दाब तयार होतो आणि फुटक्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आपल्याकडे कितीतरी जोडण्या गटार ओलांडून जातात, त्यात पावसाळा. नळाशी उरलेला क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. किटने तपासा, स्वस्त असतं.

पठारावरचा:
पण शेजाऱ्यांनी लावलाय!

व्हॉल्व्हवाला:
म्हणूनच तुमच्याकडे आणखी कमी येतं. जमिनीखाली संप करा. पाणी त्यात आपोआप पडू द्या आणि पंप संपातून वरच्या टाकीला जोडा. इनलेट जितका खाली, तितका दाब जास्त मिळतो. माणशी 135 लिटर धरले तर पाच जणांना दिवसाला 675, दोन दिवसांचे 1350. 2000 लिटरचा संप घ्या, एखादी पाळी चुकली तरी थोडं हाताशी राहील.

त्याआधी मीटरच्या तोंडाची जाळी साफ करून घ्या. गाळाने ती निम्मी बुजलेली सापडते. मीटरला सील असेल तर हात लावू नका, खात्याच्या माणसाला बोलवा.

शेवंती:
तांबूस पाणी दोन-चार बादल्यांत निवळलं तर लाइनमधला गंज, झाडांना घाला. निवळत नसेल तर तुमचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बदला. आणि घाण वास आला तर पिऊच नका, त्याच दिवशी कळवा.