मदत हवी आहे: जुनी कॅरॅव्हान या थंडीत घरीच दुरुस्त करायची आहे (ऐरोली)

भटकी_४३

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत रो-हाऊससमोर ब्रिटिश बनावटीची एक जुनी कॅरॅव्हान उभी आहे, गाडीमागे ओढायची. लांबी साधारण १२ फूट, एकच ॲक्सल. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत १ इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ३ मिमी प्लाय. आरसी बुक आहे आणि चासी नंबर वाचता येतो. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली होती. मे अखेरपर्यंत सगळं काम संपवायचा विचार आहे.

सध्याची स्थिती अशी: पुढच्या डाव्या कोपऱ्यात आतला प्लाय फुगलाय, अंगठ्याने दाबला तर आत जातो. दारापाशी फ्लोअर चालताना लवतो. छताच्या कडेने जी ॲल्युमिनियमची पट्टी आहे तिचे स्क्रू गंजलेत आणि त्यांच्याभोवती पत्र्यावर पांढरी भुकटी दिसते.

१) एक ठेकेदार म्हणतोय की गच्चीला मारतात तेच वॉटरप्रूफिंग जाळी टाकून छतावर तीन कोट मारू. चालेल का?
२) परदेशी व्हिडिओंमध्ये थंडीत सीलंटचं काम करू नका, नाहीतर तंबू ठोकून हीटर लावा असं सांगतात. आपल्याकडे काय करावं?
३) फ्लोअर पूर्ण उचकटावा लागेल का?
४) वायरिंग आणि चाकांचं काम आधी की नंतर?

---

रंधा

ताई, गच्चीचा कोट अजिबात मारू नका. स्लॅब जागचा हलत नाही, कॅरॅव्हानचं छत रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला पिळवटतं. उन्हात पत्रा प्रसरण पावतो तो वेगळाच. कोट बरोबर पट्टीच्या सांध्यावर चिरतो आणि पाणी त्याच्याखाली शिरून चार फूट लांब कुठेतरी बाहेर येतं. मग मूळ गळती शोधणं जवळपास अशक्य होतं. शिवाय आत्ता लाकूड ओलं आहे. वरून झाकलंत तर ती ओल आतच कोंडेल आणि कुजणं चालू राहील.

पाणी मधल्या पत्र्यातून येत नसतं. ते येतं कडेची पट्टी, खिडकीची वरची रेल, छताचा व्हेंट, मागचे-पुढचे छोटे दिवे आणि हँडल यांच्या स्क्रूंच्या भोकांतून. तुमचा पुढचा डावा कोपरा कुजलाय म्हणजे त्याच्या वरची पट्टी किंवा पुढची खिडकी, यातलं एक नक्की.

आपली थंडी या कामाला उत्तम. तिकडे शून्याखाली सीलंट आणि इपॉक्सी सुकत नाही, म्हणून त्यांना हीटर लागतो. आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते आणि लाकूड वाळवायला हेच महिने मिळतात. आधी आतला खराब प्लाय काढा, पेडस्टल फॅन लावून तीन-चार आठवडे सांगाडा उघडा ठेवा. दोन टोच्यांचा मॉइश्चर मीटर घ्या. २० टक्क्यांच्या वर रीडिंग असेल तिथे बुरशी जिवंत आहे असं धरा. १५ च्या खाली आल्याशिवाय काहीही बंद करू नका.

वाळल्यावर, जे लाकूड ठेवणार आहात त्याला बोरॅक्सचं पाणी द्या: १ लिटर गरम पाण्यात ९० ग्रॅम बोरॅक्स आणि ६० ग्रॅम बोरिक ॲसिड, ब्रशने दोन हात, मध्ये एक दिवस. वाळवी आणि बुरशी दोन्हींवर चालतं, पण पाण्याने धुऊन जातं, त्यामुळे गळती बंद होणं आलंच.

---

पत्रा_रिव्हेट

रंधा यांच्याशी पूर्ण सहमत. पट्टीचं काम कसं करायचं ते लिहितो, कारण सगळी कॅरॅव्हान त्याच्यावर टिकते.

ती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. लोखंडी स्क्रू, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये खाडीची खारी ओल, एवढं पुरतं. पट्टी पूर्ण उतरवा. डोकं तुटलेले स्क्रू पकडीने फिरवून काढा, आत ठोकू नका. जुनं काळं मॅस्टिक (सांध्यात भरलेला चिकट लांबीसारखा थर) प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेलं केरोसीनने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पत्रा चकचकीत दिसला तरी बोटाला चिकट लागत असेल तर तो अजून साफ झालेला नाही. भुकटीची जागा बारीक पॉलिश पेपरने घासून एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा प्रायमर मारा.

मग ब्युटाइल टेप (सांधे बुजवायची मऊ, चिकट रबरी पट्टी), २५ ते ३० मिमी रुंद, २ ते ३ मिमी जाड. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, खिडक्यांच्या रेली आणि व्हेंट धरून ३० ते ३५ मीटर लागेल. १० मीटरचे चार रोल घ्या. टेप पट्टीला लावा, पत्र्याला नाही. स्क्रू स्टेनलेसचे, जुने ६ नंबरचे असतील तर ८ नंबरचे, कारण भोकं सैल झालेली असतात. प्रत्येक स्क्रूचे आटे पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून बसवा, म्हणजे स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचा थेट संबंध कमी येतो. एका टोकाकडून आवळत जाऊ नका, मधून दोन्ही टोकांकडे जा. ब्युटाइल हळूहळू दबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा अर्धा फेरा आवळा आणि मग बाहेर आलेलं कापा.

सिलिकॉन कुठेही नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲल्युमिनियम खातं, आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काहीच धरत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला स्टेनलेस स्क्रू हव्या त्या मापाचे मिळतात.

---

खाडीकाठ

यात एक भर. जानेवारीत सकाळी छतावर हात फिरवून बघा, ओला लागेल. रात्री उघडा पत्रा हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दव धरतं. सीलंट आणि प्रायमरचं काम अकरा ते चार, त्याआधी कोरड्या फडक्याने पुसून. ताडपत्री पत्र्यावर टेकवू नका, खाली घाम धरतो. जीआय पाइप किंवा बांबूचा सांगाडा करून फूटभर उंच ठेवा, दोन बाजू उघड्या.

आणि "मे अखेर" ही तारीख बाहेरच्या कामाला धरू नका. मान्सून मुंबईत सरासरी ११ जूनला येतो, पण वळीव मेमध्येच गाठू शकतो. बाहेरचं सगळं मार्चअखेर संपवा. एप्रिलपासून दुपारी पत्रा इतका तापतो की टेप हातात धरवत नाही. आतलं काम तेव्हा करा.

---

वायरमन_कोलशेत

वायरिंग आतला प्लाय बंद व्हायच्या आधी. २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट वेगवेगळ्या पाइपमधून न्या. घरातून येणारी केबल तीन कोअर, २.५ स्क्वेअर मिमी, पूर्ण उलगडलेली. गुंडाळी ठेवून लोड दिला तर तापते. दारातच ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. चासी आणि ॲल्युमिनियमची बॉडी दोन्ही अर्थला जोडा, आणि घराच्या ज्या सॉकेटवरून सप्लाय घेणार त्याचं अर्थ खरंच चालू आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. अर्थ मेलेलं असेल आणि आत कुठे वायर सोलली गेली असेल, तर अख्खा पत्रा जिवंत होतो. ओल्या पायाने दाराचं हँडल धरणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

चाकं: टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांवरचा टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. बेअरिंग काढून धुऊन नवं ग्रीस, नवं सील, नवी स्प्लिट पिन. चासी राखाडी, चट्ट्याचट्ट्यांची म्हणजे गॅल्व्हनाइज्ड असेल, तर तिला वेल्डिंग करू नका, भोकंही पाडू नका. हिच बॉल (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर कॅरॅव्हानचा कपलर बसतो) ५० मिमीचाच घ्या. दोन इंची म्हणून मिळतो तो ५०.८ मिमी भरतो आणि ५० च्या कपलरमध्ये अडकून बसतो.

---

भटकी_४३

मनापासून आभार. ठेकेदाराला नाही कळवलं. मीटर आणून मोजलं: पुढचा डावा कोपरा ३१, पुढच्या खिडकीखाली २४, मागची भिंत १५, दारापाशी फ्लोअर १८. फ्लोअर दाभणाने टोचला तर वरचा प्लाय टणक लागतो, तरी लवतो. कोपऱ्यातलं लाकूड मात्र भुसभुशीत आहे. ते किती कापू?

---

रंधा

फ्लोअर वाचला. तो प्लाय-फोम-प्लाय असा थरांचा असतो आणि फोमपासून वरचा प्लाय सुटलाय. रीडिंग १५ च्या खाली आलं की वरच्याच प्लायला दर १५ सेंटिमीटरवर भोकं पाडा. ड्रिलला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या, खालचा थर फुटता कामा नये. पातळ इपॉक्सी सिरिंजने भरा, शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत. भोकांत लाकडी खुंट्या ठोका, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर १८ मिमी प्लाय आणि विटांचं वजन, २४ तास.

कोपरा: दाभण सहज आत जायचं थांबेल तिथून पुढे आणखी ६ ते ८ इंच कापा. कापण्याआधी आतून छताला २×२ चे दोन टेकू द्या, आणि खिडकीच्या भोकाचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. सगळं एकदम काढू नका. एक लाकडी पट्टी काढा, तिच्यावरून नवी आखा, बसवा, मग दुसरी. जोड अर्ध्या-अर्ध्या खाचेचा, निदान ३ इंच लांब, इपॉक्सीने. कोपऱ्याला वाळलेलं सागवान, बाकी ठिकाणी पाइन, नाहीतर वजन वाढतं. आतला प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन घ्या.

आतला प्लाय लावायच्या आधी गळतीची परीक्षा करून घ्या. खिडक्या-दार बंद, खालचे व्हेंट टेपने बंद, छताच्या व्हेंटमध्ये पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरची नळी. एक टेप थोडी सैल ठेवा, जादा हवा तिथून जाईल. बाहेरून पट्टी आणि रेलीवर साबणाचं पाणी फवारा. जिथे बारीक बुडबुडे वाढत राहतात तिथे खडूने खूण करा आणि तेवढी पट्टी परत उतरवून पुन्हा टेप लावा, वरून सीलंट फासू नका. पुढची खिडकी परत घट्ट आणि सरळ बसेपर्यंत कापलेले जुने तुकडे नंबर घालून ठेवा, माप चुकलं तर तेच उपयोगी पडतात.