मदत हवी आहे: जॉइन होऊन दीडच महिना झालाय आणि दुसरीकडून इंटरव्ह्यूचा कॉल आलाय

नमस्कार मंडळी, मी ठाण्याला कळव्यात राहते, दीड महिन्यापूर्वी ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले. इंटरव्ह्यूत जनरल शिफ्ट सांगितली होती, आता दुपारी २ ते रात्री ११ लावलीये आणि ड्रॉपची गाडी नाही. बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, सकाळी लवकर त्यांना घेऊन निघावं लागतं, झोप अशी होतच नाही.

त्यात बेलापूरच्या ज्या कंपनीत मी मार्चमध्ये इंटरव्ह्यू दिलेला तिथून परवा फोन आला की फायनल राउंडला या, डे शिफ्ट आहे, पगार साधारण तेवढाच. मला जायचंय खरं, पण इथल्या मॅडमनी इतकं समजावून शिकवलंय की त्यांच्याशी खोटं बोलून सुट्टी घ्यायला जीवावर येतं.

आत्ताच्या नोकरीबद्दल तिथे स्वतःहून सांगावं का? माझा पीएफ इथे सुरू झालाय, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) सगळ्या नोकऱ्यांना एकच असतो त्यामुळे पासबुकात दिसणारच, मग लपवलं तर नंतर बॅकग्राउंड चेकमध्ये अडकेन अशी भीती वाटते. प्रोबेशन ६ महिन्यांचं आहे, लेटरमध्ये १५ दिवसांची नोटीस लिहिलीये. एवढ्या कमी दिवसांत सोडलं तर रिलीव्हिंग लेटर देतात का? आणि आधी इथेच शिफ्ट बदलून मागावी का, की थेट इंटरव्ह्यूला जावं? एचआरमध्ये काम करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा, शुक्रवारी सकाळी ११ ला बोलावलंय.