मदत हवी आहे: पाहुण्यांशी पावसापाण्याबद्दल स्पॅनिशमध्ये बोलताना अडतंय

गोव्यात मांद्र्याला आमचं छोटं गेस्टहाऊस आहे. स्पेन आणि अर्जेंटिनाचे पाहुणे असतात, आणि सकाळी चहा देताना विषय निघतो तो हवेचाच. मोबाईल अ‍ॅपवर तीन महिने शिकून ‘आसे कालोर’ (गरम होतंय), ‘आसे बिएन्तो’ (वारा आहे; व्ह ऐवजी ब म्हणायचं), ‘एस्ता नुब्लादो’ (ढगाळ आहे), ‘आय निएब्ला’ (धुकं आहे) एवढं जमतं. पण आसे, एस्ता आणि आय यांतलं कुठे काय, हे पाठांतरावरच चाललंय. शेजारच्या आजींचं पोर्तुगीज कानावर असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

गेल्या आठवड्यात घाम पुसत ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हणून बसले. पाहुणीच्या हातातला कप हिंदकळला! ‘तेंगो कालोर’ म्हणायचं असतं आणि माझ्या वाक्याचा अर्थ भलताच होतो, हे नंतर कळलं.

व्याकरणाचं पुस्तक नको, क्लासला पणजीला जाणं शक्य नाही. दुकानात-ओसरीवर बोलतात तसंच हवंय.

मुख्य अडचण आपल्या उकाड्याची. पाऊस थांबला, वारा पडला, अंग चिकचिकतंय, त्याला ‘बोचोर्नो’ म्हणतात असं वाचलं. पण त्याच शब्दाचा अर्थ ओशाळणं असाही आहे. मग अर्जेंटिनाच्या माणसाला ‘आसे बोचोर्नो’ म्हटलं तर उकाडाच कळेल ना? आणि रिपरिप पावसाला ‘योबिस्ना’ म्हणू की ‘गारूआ’, दोन्हीकडच्यांना चालेल असं कोणतं?