एक्सपोर्टचा प्लॉट, लोकलचा प्लॉट: फवारणीची वही एकच का नसावी?

दिंडोरीकर:
आपल्या नाशिकात एकाच द्राक्ष बागायतदाराचे दोन प्लॉट असतात. एक्सपोर्टच्या प्लॉटची ग्रेपनेटला (निर्यातीच्या बागांची सरकारी ऑनलाइन प्रणाली) नोंदणी, तोडणीआधी नमुना लॅबला, म्हणून पीएचआय (शेवटची फवारणी ते तोडणी यांत ठेवायचे किमान दिवस) काटेकोर. लोकलच्या प्लॉटवर मात्र भुरी हा बुरशीचा रोग दिसला की तोडणीच्या आठवड्यातही आंतरप्रवाही (वेलीत भिनणारं) बुरशीनाशक. तपासणारा नसतो तिथेच कळतं, आपण हे काम कशासाठी करतो ते. वही एकच ठेवावी.

निफाडचा बागायतदार:
बोलायला सोपं. एक्सपोर्टची तारीख आधी ठरते. लोकलचा व्यापारी सकाळी येतो, ब्रिक्स (गोडी) बघतो, दुपारी क्रेट लावतो. थांबा म्हटलं तर भाव तरी पडतो, नाहीतर पावसाने मणी तडकतात. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचंय. तत्त्वं पोट भरल्यावर! आणि लोकलला नियम तरी कुठाय?

दिंडोरीकर:
आहे ना. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, औषधांच्या उर्वरित अंशाच्या मर्यादा देशातल्या मालालाही लागू आहेत. तपासणी क्वचित होते, एवढंच.
तारखेचं म्हणाल तर व्यापाऱ्यावर कशाला सोडायची? थॉमसन जातीचा माल फळछाटणीपासून ११० दिवसांच्या आत सहसा तुटत नाही. तोच दिवस धरून मागे मोजा. १० ऑक्टोबरची छाटणी म्हणजे २८ जानेवारी. लेबलवर ३० दिवस असतील तर शेवटची फवारणी २९ डिसेंबरला. पुढे भुरीला गंधक, जैविक औषधं आणि घडांभोवतीची पानं विरळ करणं.

ब्लोअरवाला:
मोजणी बरोबर, पण तीन ठिकाणी फसते. पीएचआय लेबलच्या मात्रेचा असतो. दुप्पट ओतलं की दिवस मोजून उपयोग नाही. भाड्याच्या ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी आणि पाइप न धुता आणले तर शेजारच्या बागेचं औषध तुमच्या घडावर. आणि ‘जैविक’ लिहिलेल्या काही बाटल्यांत रासायनिक घटक मिसळलेले निघतात. बिल घ्या, बॅच नंबर वहीत लिहा.

निफाडचा बागायतदार:
२०१० आठवतंय का? क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं सीसीसी, आपल्या तपासणी यादीत नव्हतं, युरोपच्या लॅबने पकडलं. पीएचआय पाळणाऱ्यांचाही माल अडकला. कुठं कामी आली तत्त्वं?

दिंडोरीकर:
यादीत नाही म्हणून चालतं, हीच तर तिथली चूक. सीसीसी मारायचं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, घड यायच्या कितीतरी आधी, आणि अंश सापडला घडात. वेल काही यादी वाचत नाही.

निफाडचा बागायतदार:
मग पिंपळगावला एकच वही ठेवणाऱ्याला किलोमागे रुपया जास्त देणारा व्यापारी दाखवा.

दिंडोरीकर:
नाही दाखवता येणार. रुपयासाठी करा असं म्हणतच नाही.

निफाडचा बागायतदार:
११० दिवसांचा हिशेब पटला, गंधकाचा नाही. जानेवारीत निफाडला पारा दहाच्या खाली जातो. गंधकाची वाफच होत नाही, भुरी तशीच.

ब्लोअरवाला:
सकाळी मारू नका. दव वाळल्यावर, दुपारी मारा. फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की उलट, संध्याकाळी. नाहीतर मणी करपतात. शिवाय मण्यांवर गंधकाचे पांढरे डाग राहतात, व्यापारी भाव तोडतो तो त्यावरच.