रॉटवायलर, कंबर तलाव आणि सुटलेला पट्टा

होटगीरोडकर: काल इथं एकाने रॉटवायलर कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो टाकून लिहिलं, "बंदी कोर्टानं उडवली, आता घाबरटांनी गप बसावं." म्हणून लिहायला बसलो. मार्च 2024 मध्ये केंद्रानं पिटबुल, रॉटवायलरसकट 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदीचं परिपत्रक काढलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, तेही संबंधितांशी चर्चा केली नाही म्हणून. ही जनावरं गरीब गाय आहेत असं कोर्ट कुठं म्हणालं? 2022 ला लखनौत पिटबुलनं घरच्याच म्हाताऱ्या बाईंचा जीव घेतला. परवा आपल्या सोलापूरच्या कंबर तलावावर असलाच एक धूड मोकळा, मालक मागं फोनवर. माझी आई पदर आवळून खांबाला पाठ लावून उभी, आणि हा लांबूनच, "काही करत नाही हो तो!"

टायगरचा बाप: फोटो माझाच. हा माझा दुसरा रॉटवायलर. पहिल्याच्या कानाला नातू लोंबकळायचा. चावे कोण घेतंय, ते रात्री विजापूर रोडनं गाडीवरून जाऊन बघा.

घरकुलवाला: हे बरोबर बोललात. रात्रपाळी सुटली की चिकनच्या गाड्यांपाशी दहा-बारा भटक्या कुत्र्यांची टोळी. माझी पँट फाटली, सायलेन्सरवर पाय भाजला. तुमचा टायगर राहू द्या बाजूला, आधी हे उचला.

चपातीवाली ताई: उचलून टाकणार कुठं? भटक्या कुत्र्यांचे 2023 चे नियम वाचा. नसबंदी करायची, लस टोचायची, परत त्याच जागी सोडायचं.

घरकुलवाला: मग ऑगस्ट 2025 चा सुप्रीम कोर्टाचा आदेशही वाचा की. पिसाळलेलं, अंगावर येणारं परत सोडायचं नाही, खायला ठरलेल्या जागीच घालायचं. तुम्ही आमच्या दारात घालता!

चपातीवाली ताई: तुमच्या दारात? दादा, मी जुळे सोलापुरात राहते. कुणाचाही राग कुणावर काढायलाय तुम्ही.

होटगीरोडकर: अरे, विषय मालकांचा होता! भटक्याला मालक नाही, टायगरला आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघा: जनावर आवरण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दवाखान्यातला पोऱ्या: मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली दिवसभर साखळीला बांधलेली असली कुत्री बघतो. फिरवणं नाही, शिकवणं नाही, चार माणसांची सवय नाही. वर मालक कौतुकानं सांगतो, "लई रागीट आहे." चावल्यावर जखमेत हळद-चटणी भरून येतात. अहो, साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्या, रेबीज झाला की औषध नाही.

घरकुलवाला: पंधरा मिनिटं वाहतं पाणी? आमच्याकडं नळ कधी येतो विचारा आधी.

टायगरचा बाप: बरं बाबांनो, तलावावर आणताना मुसकं बांधतो, पट्टाही धरतो. होटगीरोडकरांच्या आईंना सांगा, वाघ जेरबंद झाला.

होटगीरोडकर: सांगतो. आणि फोन घरी ठेवा.